पाहुण्याला न सांगितलेल्या गोष्टी

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे खऱ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं यंत्र. त्याच्या जगात दोन शब्द पावलोपावली भेटतात, खऱ्या यंत्रासाठी होस्ट आणि आतल्यासाठी गेस्ट. यजमान आणि पाहुणा. आपल्याकडचा पाहुणा दिवाणखान्यात बसतो, दिलेला चहा घेतो, फडताळं उघडून बघत नाही. हा पाहुणा मात्र स्वतःला घरधनी समजतो. प्रोसेसर माझा, रॅम माझी, डिस्क माझी, भिंतीवरचं घड्याळही माझंच. त्याचा हा समज मोडू न देणं हे यजमानाचं काम, आणि तो मोडतो तेव्हा निस्तरणं हे ॲडमिनचं.

हा संसार वाटतो त्यापेक्षा जुना आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तो १९६०च्या दशकातच सुरू झाला होता आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आला. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्याचे नियम एका निबंधात मांडले. पाहुण्याच्या प्रोग्रॅमला खऱ्या यंत्रावर चालल्यासारखंच वाटलं पाहिजे, साधनांचा ताबा यजमानाकडेच राहिला पाहिजे आणि बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. त्यातल्या पहिल्या अटीला त्यांनी दोन अपवाद ठेवले होते. वेळेमुळे पडणारा फरक माफ, आणि साधनं कमीजास्त असल्याने पडणारा फरक माफ. कराराच्या तळाशी बारीक अक्षरात लिहितात तशी ही सूट. माझं मत असं की व्हीएमच्या दुखण्यांपैकी निम्म्याहून अधिक या दोन अपवादांच्या पोटातच जन्माला येतात. तिसरं दुखणं त्या काळी फारसं कुणाच्या डोळ्यांसमोर नसावं. या यंत्राच्या एका दुपारी चाळीस प्रती काढता येतात.

साधनांपासून सुरुवात करू, कारण रात्री फोन येतो तो बहुधा डिस्कसाठी. थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे पाहुण्याला ४०० जीबी दाखवायचे आणि त्याने प्रत्यक्ष वापरले तेवढेच द्यायचे. २ टीबीच्या साठ्यावर असे दहा पाहुणे बसवले की ४ टीबीचा शब्द दिला गेला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे प्रत्येकाला वेगळं, ऐसपैस अंथरूण दाखवलेलं असतं. त्यात गोम अशी की पाहुण्याने फाइल पुसली तरी साठ्यावर जागा मोकळी होत नाही. पाहुण्याची फाइलसिस्टीम फक्त आपल्या वहीत ‘हे ब्लॉक रिकामे’ असं लिहिते, आणि यजमानाला ती वही वाचता येत नाही. म्हणून आत डिस्क ४० टक्के भरलेली दिसते आणि बाहेर साठा ९७ टक्क्यांवर असतो.

यावर उपाय म्हणजे पाहुण्याने यजमानाला मुद्दाम कळवणं, ट्रिम किंवा डिस्कार्ड. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीत त्या डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’वर खूण करायची आणि डिस्कचा कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी, म्हणजे खास पाहुण्यांसाठी बनवलेला, ठेवायचा. लिनक्सच्या आत हा निरोप धाडणाऱ्या एफएसट्रिम कमांडचा साप्ताहिक टायमर चालू आहे ना, ते बघायचं. विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ-व्हॉल्यूम या कमांडला री-ट्रिमचा पर्याय देऊन चालवायचं. पाहुण्याच्या आत लक्स या लिनक्सच्या कुलपाने एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल तर तिथे डिस्कार्डला वेगळी परवानगी द्यावी लागते, नाहीतर निरोप मधल्या दारातच अडतो. एफएसट्रिम ‘इतके जीबी मोकळे केले’ असं सांगतो तेव्हाही त्याच्यावर भिस्त ठेवू नये. यजमानाच्या बाजूचा आकडा खरोखर उतरला का ते बघावं. साठ्याचा प्रत्येक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा असतो.

साठा पूर्ण भरला की काय होतं ते साठ्याच्या जातीवर ठरतं. केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्या यजमानपणाखाली, पाहुणा बहुधा आहे त्या जागी थिजतो, स्थिती ‘पॉज्ड’ दिसते. एलव्हीएमचा (लिनक्समधली डिस्क वाटून देणारी व्यवस्था) थिन पूल भरला तर लिहिण्याच्या विनंत्या मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद रांगेत थांबतात, मग चुका परत जाऊ लागतात आणि आतली फाइलसिस्टीम ‘फक्त वाचन’ अवस्थेत जाते. या पुलाला मेटाडेटाचा, म्हणजे कोणता ब्लॉक कुणाचा या नोंदींचा, वेगळा कप्पा असतो आणि भरण्याची त्याची चाल वेगळी असते. एलव्हीएस कमांडच्या तक्त्यात दोन्ही टक्के शेजारी शेजारी छापलेले असतात. लोक पहिला वाचतात आणि दुसऱ्यावर घसरतात. मेटाडेटा भरलेला पूल दुरुस्त करणं हे डेटा भरलेला पूल वाढवण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं. हा कप्पा वेळेत वाढवणं एका कमांडचं काम असतं.

ईएसएक्सआयवर, म्हणजे व्हीएमवेअर कंपनीच्या यजमानावर, साठा भरलाच तर एक जुनी युक्ती आहे. चालू व्हीएमसाठी तिच्या राखून न ठेवलेल्या रॅमइतकी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) साठ्यावर पडलेली असते. कमी महत्त्वाची १६ जीबी रॅमवाली व्हीएम नीट शटडाउन केली की तेवढी जागा तत्काळ सुटते, आणि श्वास घ्यायला फट मिळते. घाईघाईने स्नॅपशॉट (व्हीएमची जपून ठेवलेली जुनी अवस्था) डिलीट करायला धावणं मात्र अंगाशी येऊ शकतं, कारण मूळ डिस्क थिन असेल तर नंतरचं लिखाण तिच्यात विलीन होताना ती आधी फुगते.

स्नॅपशॉटला फोटो म्हणतात तिथूनच गैरसमज सुरू होतो. फोटो काढल्यावर मूळ वस्तू आणि तिचं चित्र असं दोन झालं असं आपल्याला वाटतं. इथे तसं काही होत नाही. जुनी डिस्क फाइल गोठवली जाते आणि तिथून पुढचं सगळं लिखाण डेल्टा नावाच्या नव्या फाइलीत जातं. वाचताना आधी डेल्टा, तिथे नसेल तर मूळ डिस्क. स्नॅपशॉटवर स्नॅपशॉट चढवले की वाचनाचे जिनेही तेवढेच चढावे लागतात. ही बॅकअप नव्हे. मूळ फाइल गेली तर डेल्टा हा नुसता चोथा. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला असा की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि साखळीत दोन-तीनच असू द्या. साखळी ३२ पर्यंत चालते, म्हणून कुणीतरी तीही करून बघतंच. ‘अपडेटच्या आधी’ या नावाचे आणि दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचे स्नॅपशॉट बहुतेक जुन्या सर्व्हररूममध्ये सापडतात.

त्याहून त्रासदायक ते न दिसणारे. बॅकअप सॉफ्टवेअर रात्री स्नॅपशॉट घेतं, डिस्क वाचतं आणि स्नॅपशॉट काढून टाकतं. यातली शेवटची पायरी फसली तर स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा दिसतो, पण फोल्डरमध्ये शेपटीला शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-एक लावलेली डिस्क फाइल वाढतच राहते. म्हणून यादीपेक्षा फोल्डरवर डोळा ठेवावा. कन्सॉलिडेट करताना, म्हणजे उरलेले डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळताना, ‘फाइल लॉक आहे’ असं आलं तर आधी बॅकअपसाठी डिस्क वाचणाऱ्या प्रॉक्सी व्हीएमची सेटिंग उघडावीत. तिथे दुसऱ्या व्हीएमची डिस्क अजून लटकलेली असण्याची शक्यता मोठी. ती काढताना ‘साठ्यावरूनही डिलीट करा’ या पर्यायाला हात लावायचा नाही. हे वाक्य इथे दोनदा वाचलेलं बरं. मोठा डेल्टा विलीन होताना शेवटच्या क्षणी व्हीएम थोडी थिजते. डेल्टा शंभर-दोनशे जीबींचा आणि सर्व्हर डेटाबेसचा असेल तर ते थिजणं क्लस्टरला, म्हणजे एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या गटाला, मृत्यूसारखं भासू शकतं, म्हणून हे काम भर दुपारी करू नये.

प्रोसेसरचं दुखणं अंतर्ज्ञानाच्या उलट वागतं. व्हीएम मंद आहे म्हणून चारच्या आठ व्हीसीपीयू (पाहुण्याला दाखवलेले प्रोसेसर) केल्या आणि ती आणखी मंद झाली, ही तक्रार खोटी नसते. गर्दीच्या यजमानावर जास्त व्हीसीपीयूंना बरोबरीने पुढे नेण्यासाठी जास्त खरे कोर मोकळे मिळावे लागतात, आणि तोवर सगळं बिऱ्हाड रांगेत. ही थांबण्याची वेळ व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ म्हणून मिलिसेकंदांत दिसते. रिअल टाइम आलेखातला नमुना २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा. एका व्हीसीपीयूला १,००० मिलिसेकंद रेडी असेल तर ते ५ टक्के झाले, आणि तिथून पुढे माणसांना मंदपणा जाणवू लागतो. आकडा सगळ्या व्हीएमचा मिळून असेल तर व्हीसीपीयूंच्या संख्येने भागायला विसरू नये. केव्हीएम किंवा झेनवर लिनक्स पाहुण्याला टॉप या कमांडच्या ‘एसटी’ रकान्यात चोरीला गेलेला वेळ दिसतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरला यातलं काहीच कळत नाही. तो बिचारा ३० टक्के वापर दाखवतो आणि वापरणारा समोर बोटं मोडतो.

रॅमबद्दल एवढंच, की फुग्याची आठवण ठेवा. यजमानाला चणचण भासली की बलून ड्रायव्हर पाहुण्याच्या आत पानं अडवून धरतो आणि ती मागच्या दाराने परत घेतो. व्हीएमवेअरवर वापरलेली रॅम १४ जीबी आणि प्रोसेसची बेरीज ६ जीबी असा हिशेब दिसला की मेमरी लीक शोधण्याआधी फुगा तपासा. विंडोजमध्ये रॅममॅप हे साधन ती रॅम ‘ड्रायव्हर लॉक्ड’ या नावाखाली दाखवतं.

आता राहिलेला अपवाद, वेळ. पाहुण्याला झोपवलं, सहा तासांनी उठवलं, तर त्याला वाटतं पापणीच लवली. मग त्याचं घड्याळ सहा तास मागे. क्रोनी आहे ना, लिनक्समधला घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, तो करेल बरोबर, असं आपण म्हणतो. पण क्रोनीच्या नेहमीच्या फाइलीत मेकस्टेप १.० ३ अशी ओळ असते. तिचा अर्थ, फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर घड्याळाला एकदम उडी मारू दे, पण फक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरती. त्यानंतर घड्याळ सरकवायचं ते हळूहळू, आणि त्या सरकण्यालाही मूळ सेटिंगमध्ये मर्यादा आहे, बारा सेकंदांत सुमारे एक सेकंद. सहा तासांची तूट अशी भरायला ७२ तास लागतील. केर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपलीकडचा फरक सोसत नाही, त्यामुळे ते तीन दिवस लॉगिन बंद. झोपवल्या-उठवल्या जाणाऱ्या व्हीएममध्ये त्या ओळीतल्या तीनच्या जागी उणे एक लिहावं, म्हणजे उडीची मुभा कायमची. तातडीने करायचं तर क्रोनीसी या क्रोनीच्या कमांडला मेकस्टेप सांगावं. केव्हीएमवर पीटीपी-केव्हीएम मॉड्यूल लोड करून यजमानाचं घड्याळ थेट वाचण्याची सोयही आहे, आणि ती मला नेटवर्कवरून वेळ मागण्यापेक्षा सरस वाटते.

डोमेन कंट्रोलरची, म्हणजे ऑफिसातल्या विंडोज यंत्रांची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरची, गोष्ट उलटी. तिथे धोका दोन गुरूंचा. ज्या कंट्रोलरकडे पीडीसी एम्युलेटरची भूमिका आहे (डोमेनला वेळ सांगणं हे तिच्यातलं एक काम) तो बाहेरच्या एनटीपी वेळ-सर्व्हरकडून वेळ घेतो. त्याला हायपर-व्ही हा मायक्रोसॉफ्टचा यजमानही वेळ पुरवत बसला, आणि यजमान स्वतः त्याच डोमेनमधून वेळ घेत असला, तर दोघं एकमेकांना विचारत एकत्र भरकटतात. त्या व्हीएमच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली वेळेची खूण काढून टाकावी. व्हीएमवेअरमध्ये नियमित सिंक बंद असला तरी रिझ्यूम किंवा स्नॅपशॉटच्या वेळी पाहुण्यात बसवलेले व्हीएमवेअर टूल्स एकदा घड्याळ लावून जातात, तेव्हा यजमानाचीही वेळ बरोबर हवीच.

आणि तिसरं, प्रतींचं प्रकरण. व्हीएम क्लोन केली, नाव बदललं, नवा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) मिळाला, तरी दोन उबंटू सर्व्हरांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून एकच आयपी मिळतो. कारण तिथे नेटवर्क सांभाळणारा सिस्टमडी-नेटवर्कडी आपली ओळख मॅकवरून सांगत नाही; ती ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडीवरून बनवतो, आणि ती फाइल दोघांत हुबेहूब असते. टेम्प्लेट, म्हणजे जिच्या प्रती काढायच्या ती व्हीएम, बंद करण्याआधी ही फाइल रिकामी करावी. डिलीट करू नये, शून्य बाइटची ठेवावी; पुढच्या बूटला नवा आयडी बनतो. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) सुद्धा काढाव्यात, पण इथे वितरणं वेगळी वागतात. रेडहॅटच्या घराण्यात त्या बूटवर नव्याने तयार होतात. डेबियनमध्ये क्लाउड-इनिट हा पहिल्या बूटची मांडामांड करणारा प्रोग्रॅम नसेल तर होत नाहीत, एसएसएच सुरूच होत नाही, आणि आपण कन्सोल शोधत बसतो. ओपनएसएसएच-सर्व्हरवर डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालवलं की त्या परत बनतात. बंद इमेजवर ही सगळी साफसफाई एका दमात करायला व्हर्ट-सिसप्रेप आहे.

विंडोजमध्ये हेच काम सिसप्रेप जनरलाइझ या पर्यायाने करतं, आणि ते टाळण्याची परंपराही तितकीच जुनी. एसआयडी, म्हणजे विंडोज यंत्राचा ओळख क्रमांक, बदलण्यासाठी न्यूएसआयडी नावाचं छोटं साधन होतं. २००९ मध्ये त्याचेच कर्ते मार्क रसिनोविच यांनी ते बंद केलं आणि लिहिलं की एसआयडी सारखे असल्याने व्यवहारात बिघडत नाही. डोमेन कंट्रोलर त्यात धरायचा नाही, हे अर्थात होतंच. मग सिसप्रेपला अनेकांनी कायमची सुट्टी दिली. २०२५च्या ऑगस्टअखेरीपासूनच्या अपडेट्सनी ती सुट्टी रद्द केली. विंडोज ११च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्या आणि सर्व्हर २०२५ आता सारखे एसआयडी असलेल्या यंत्रांमधलं केर्बेरॉस आणि एनटीएलएम या दोन्ही पद्धतींचं लॉगिन नाकारतात. शेअर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही. सिसप्रेप अर्ध्यात थांबला तर त्याच्याच फोल्डरमधल्या पँथरमध्ये सेटअपॲक्ट लॉग वाचावा; बहुतेकदा एखादं स्टोअर ॲप एकाच युजरसाठी बसवलेलं असतं आणि पॉवरशेलने तेवढं काढलं की गाडी पुढे जाते.

प्रत काढणं आणि काळात मागे जाणं यांची गाठ पडते डोमेन कंट्रोलरवर. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या वहीत, प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो, आणि शेजारचे कंट्रोलर ‘याचं अमुक क्रमांकापर्यंत घेतलं’ असं टिपून ठेवतात. स्नॅपशॉटवर मागे नेलेला कंट्रोलर तेच जुने क्रमांक नव्या बदलांना देऊ लागला की शेजारी म्हणतात, हे तर आमच्याकडे आहे. चूक कुठेच दिसत नाही आणि दोन डिरेक्टऱ्या गुपचूप वेगळ्या होत जातात. याला यूएसएन रोलबॅक म्हणतात. इव्हेंट लॉगमध्ये २०९५ हा क्रमांक दिसला तर तो कंट्रोलर नेटवर्कमधून काढून नव्याने उभा करायचा. विंडोज सर्व्हर २०१२ने यावर तोड काढली ती मला फार आवडते. यजमान प्रत्येक पाहुण्याला एक जनरेशन आयडी दाखवतो आणि स्नॅपशॉट लावला किंवा प्रत काढली की तो बदलतो. पाहुणा ते बघून ओळखतो की आपल्याला मागे आणलं गेलंय. मग स्वतःची नवी ओळख घेतो आणि हातातला रिडचा (नव्या खात्यांना द्यायच्या क्रमांकांचा) साठा टाकून देतो. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट यजमानाने इथे सरळ सांगून टाकली.

साध्या विंडोज डेस्कटॉपलाही मागे नेण्याची किंमत असते. डोमेनमधलं मशीन मूळ सेटिंगमध्ये दर ३० दिवसांनी आपला गुप्त पासवर्ड बदलतं. त्याआधीच्या स्नॅपशॉटवर परतलात तर डोमेन त्याला ओळखत नाही आणि ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा निरोप येतो. डोमेनमधून काढून परत घालण्याची गरज नसते. लोकल ॲडमिनने आत जाऊन टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनल रिपेअरसकट चालवलं की पुरे. लोकल ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर मात्र तो दिवस लांबतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, पाठोपाठ कायमस्वरूपी परवाने बंद झाले, आणि तेव्हापासून बिऱ्हाडं हलवण्याचं काम जोरात आहे. ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर नेताना डिस्कचं रूपांतर हा सोपा भाग. विंडोज पाहुणा नव्या घरी उठतो आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतो, कोड ७बी. बूटच्या वेळी लागणारा व्हर्टआयओचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. म्हणून पहिलं बूट साटा किंवा आयडीईवर करावं, शेजारी १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ स्कझी डिस्क जोडावी, आयएसओमधून ड्रायव्हर बसवावेत, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते का बघावं. मग बंद करून मुख्य डिस्क सोडवायची, स्कझी म्हणून परत जोडायची, आणि बूटचा क्रमही बदलायचा. ही शेवटची पायरी हमखास राहते. व्हीएमवेअर टूल्स जुन्या घरीच काढून यावेत, कारण नव्या घरी त्यांचा अनइन्स्टॉलर चालायला नकार देतो. नेटवर्क कार्ड बदलल्याने जुनं कार्ड भुतासारखं मागे राहतं आणि तोच आयपी द्यायला गेलं की ‘हा दुसऱ्या ॲडाप्टरला दिलाय’ असं ऐकावं लागतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढावं.

लिनक्सकडे ड्रायव्हर असतात, पण रेडहॅटच्या घराण्यात ड्रॅकट हा प्रोग्रॅम इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी इमेज) बनवताना समोरच्या यंत्राला लागतील तेवढेच भरतो. नवं घर दिसलं की पाहुणा रूट डिस्क शोधत बसतो आणि शेवटी आपत्कालीन शेलमध्ये टाकतो. ग्रब या बूट मेनूतल्या रेस्क्यू कर्नलमध्ये सगळं सामान असतं. त्यातून बूट करून नो-होस्टओन्ली पर्यायासह ड्रॅकट पुन्हा चालवावा, कर्नलची आवृत्ती सांगून, नाहीतर दुसऱ्याच कर्नलची इमेज बनते. निघण्याआधीच हे केलं तर सारी धावपळ टळते. यूईएफआय या नव्या धर्तीच्या फर्मवेअरवाल्या व्हीएमचे बूटचे नोंदलेले मार्ग सामानासोबत येत नाहीत. डेबियन अशा वेळी ‘काहीच सापडलं नाही’ म्हणतो. फर्मवेअरच्या मेनूतून फाइल दाखवून बूट करावं आणि ग्रब पुन्हा बसवावा.

डेस्कटॉपवर व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर ती सजावट नसते. खाली विंडोजचा हायपर-व्ही बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मांडीवर बसून काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी आणि हायपर-व्हीशी संबंधित फीचर्स बंद करून रीबूट केलं की कासव जातं. त्यासोबत एक सुरक्षाकवच आणि विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल-२ ही जातं, तेव्हा सौदा पटतो का ते ज्याचं त्याने बघावं.

राहता राहिली वीज. यूपीएस संपलं, सगळं बंद पडलं, दोन तासांनी वीज आली. यजमान उठतो आणि एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरचा, साठा नावाने शोधतो. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर एक व्हीएम आहे, आणि ती व्हीएम त्याच साठ्यावर आहे. सगळ्या यजमानांचा कारभार बघणारा व्हीसेंटरही तिथेच, त्यामुळे कोणती व्हीएम कोणत्या यजमानावर होती हे सांगायला कुणी नाही. एकेका ईएसएक्सआयमध्ये शिरून शोधायचं. म्हणून साठा आयपीने जोडावा किंवा यजमानाच्या होस्ट्स फाइलीत त्याची ओळ घालावी. डीएनएस सांभाळणारा एक डोमेन कंट्रोलर यजमानाच्या स्थानिक डिस्कवर ठेवावा, त्याला आपोआप सुरू होण्याच्या यादीत पहिला नंबर द्यावा आणि पुढच्या व्हीएमआधी दोन-तीन मिनिटांचा अवकाश. यजमानांचे आयपी, रूटचे पासवर्ड आणि सुरू करण्याचा क्रम कागदावर लिहून, पाकिटात घालून, कुलपाच्या कपाटात ठेवावा. पुष्कळ ठिकाणी ही यादी नीट, रंगीत रकान्यांची, अद्ययावत असते, आणि ती फाइल सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये असते.